खायचं नाही, तर मारायचं कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नाहीतर या विषयावर मी आपणहून बोलत नाही, कारण बोलायला लागलं की समोरचा एकतर हसतो किंवा गप्प होतो. साताऱ्याला गेलो की मावशी विचारते, डॅलसला मंडळाच्या गणपतीत पंगतीला बसलो की कोणीतरी विचारतंच, "तू म्हणे कायोटीच्या शिकारीला जातोस? ते काय खातात का?" नाही, खात नाहीत. (कायोटी म्हणजे इथला, कोल्ह्या-लांडग्याच्या कुळातला रानटी प्राणी.) मग पुढचा प्रश्न ठरलेला. खायचं नाही, तर मारायचं कशाला? आणि त्याच्यामागे न विचारलेला आणखी एक असतोच, की आई माळकरी आणि मुलगा हे काय करतोय.

आधी मी इथं कुठं आणि कसा, ते. नोकरीची सुरुवात चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांवर झाली आणि गेली काही वर्षं टेक्ससच्या पश्चिम भागात, स्वीटवॉटरला, तेच काम करतो. शेजारच्या रॉस्कोचा प्रकल्प २००९ मध्ये पुरा झाला तेव्हा जगात सगळ्यांत मोठा होता, ६२७ पवनचक्क्या. त्या उभ्या आहेत कापसाच्या शेतांत. दक्षिणेकडे जाल तसा कापूस संपतो, खडकाळ माळ लागतो, आणि मेंढ्या-शेळ्या सुरू होतात. माळावर मेस्किटची काटेरी झाडं. आपल्याकडे रस्त्याकडेला माजलेली वेडी बाभूळ असते ना, तिची ही सख्खी चुलत बहीण. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माण-खटावला आल्यासारखं वाटलं.

टेक्ससमधली पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास जमीन खाजगी आहे. म्हणजे शिकार हा इथं आधी ओळखीचा मामला. माझी ओळख झाली ती एका मेंढ्यावाल्या रँचरशी, म्हणजे मोठ्या कुरणाच्या मालकाशी, कारण आमच्या काही पवनचक्क्या त्याच्या माळावर आहेत. सत्तरीचा माणूस, बोलणं मोजकं. एका फेब्रुवारीत मी रस्त्याच्या कामासाठी त्याच्याकडे गेलो होतो, तेव्हा तो कुंपणापाशी एका मेलेल्या कोकरावर वाकलेला होता. मला हातानंच जवळ बोलावलं.

त्यानं खिशातला चाकू काढून जबड्याखालून कातडी चिरली आणि सोलून मागे घेतली. वरून लोकरीवर जेमतेम एक-दोन लाल ठिपके होते. आतली बाजू मात्र काळीनिळी, रक्त साकळून घट्ट झालेलं, आणि त्यात सुळ्यांची भोकं. "रक्त साकळलंय म्हणजे धरलं तेव्हा हे जिवंत होतं," तो म्हणाला. "मेलेलं सापडलं म्हणून खाल्लं असतं, तर इथं काही दिसलं नसतं." भटक्या कुत्र्यांनी मारलं असेल तर पाय, कान, शेपटी, सगळीकडे फाडलेलं असतं. कायोटी गळा धरतो आणि जीव जाईपर्यंत सोडत नाही. हे सगळं तो एखाद्या तलाठ्यानं पंचनामा सांगावा तसं सांगत होता. मग चाकू गवताला पुसला आणि विचारलं, "शनिवारी पहाटे मोकळा आहेस का?"

तेव्हा मी एच-वन-बीवर होतो. परदेशी व्हिसावर आलेल्याला बंदूक बाळगायला इथल्या केंद्रीय कायद्याची बंदी आहे. पण वैध शिकारीचा परवाना असेल तर त्याला अपवाद आहे. आपल्या पोरांपैकी बऱ्याच जणांना यातलं पहिलं माहीत नसतं आणि ते मित्राची बंदूक हातात घेऊन फोटो काढतात. कृपा करून तसं करू नका. तर पहिल्यांदा गेलो तो रिकाम्या हातानं, नुसता बघायला. पुढे परवाना काढला. २ सप्टेंबर १९७१ ला किंवा नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला टेक्ससमध्ये शिकारीचं प्रशिक्षण सक्तीचं आहे, ते ऑनलाइन होतं. कायोटीला इथं हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही. खाजगी जमिनीवर दिवसा मारा, रात्री मारा. हरणाला जेवढं कायद्याचं संरक्षण आहे, त्याच्या पासंगालाही याचं पुरत नाही.

दिसायला म्हणाल तर आपल्या कोल्ह्याहून थोराड, लांडग्याहून बराच लहान, वजन साधारण १५ किलोच्या आतबाहेर. खाण्याच्या बाबतीत मात्र थेट आपला कोल्हा. उन्हाळ्यात मेस्किटच्या शेंगांवर राहतो आणि कलिंगडाच्या शेतात शिरला की नासधूस करतो. कोल्हा काकडीला राजी, ते इथंही खरं आहे. मूळचा हा मधल्या आणि पश्चिमेकडच्या माळांवरचा. माणसानं लांडगे संपवले, जंगलं तोडली आणि याला रान मोकळं मिळालं. आता हवाई सोडून एकोणपन्नास राज्यांत आहे, शिकागोच्या भर वस्तीतसुद्धा.

आता शिकार. लोकांना वाटतं आम्ही गाडीतून पाठलाग करतो. तसं करणारेही आहेत, पण मी शिकलो ती बोलावून मारायची पद्धत. एक डबा असतो, आत स्पीकर, हातात रिमोट. डबा आपल्यापासून तीस-चाळीस मीटरवर झुडपात ठेवायचा आणि सशाचा आवाज लावायचा. कोणीतरी धरलेल्या, मरत असलेल्या सशाचा. तो आवाज तान्ह्या बाळानं टाहो फोडल्यासारखा असतो. पहाटेच्या अंधारात पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या पोटात कालवलं, आणि मी रँचरकडे पाहिलं तर तो शांतपणे तंबाखू चघळत होता. आधी आवाज बारीक ठेवायचा, कारण जनावर शंभर पावलांवरच बसलेलं असू शकतं. मग हळूहळू वाढवायचा. पंधरा-वीस मिनिटं बसायचं, काही आलं नाही तर उठून दुसरीकडे. उठेपर्यंत हलायचं नाही. पाठीला झुडूप हवं, म्हणजे आपली आकृती उठून दिसत नाही. तोंडावर जाळी. बंदूक आधीच तिकाटण्यावर टेकवून, येईल त्या दिशेला वळवून ठेवलेली. कायोटी दिसल्यावर बंदूक उचलायला गेलात, तर संपलं.

आणि वारा. इथं मी जरा रेंगाळणार, कारण वारा हा माझ्या पोटापाण्याचा विषय.

आमच्या चक्क्यांचा मध्य जमिनीपासून ८० मीटरवर. कायोटीचं नाक अर्ध्या मीटरवर. या दोन उंचींवरचे वारे एकमेकांना ओळखही देत नाहीत, हे मी कागदावर कित्येक वर्षं शिकलेलो होतो. या मैदानी मुलखात रात्री जमीन गार झाली की खालची हवा निवांत होते आणि काहीशे मीटर वर दक्षिणेकडून जोराचा प्रवाह सुरू होतो. म्हणून पहाटे आमची पाती सपासप फिरत असतात, वीज भरपूर होते, आणि खाली पान हलत नाही. पान हलत नाही असं आपल्याला वाटतं. रँचरच्या खिशात टाल्कम पावडरची लहान बाटली असते. त्यानं ती दाबली. पावडरीचा धूर क्षणभर तसाच राहिला आणि मग अगदी सावकाश उतारानं खाली, ओढ्याच्या दिशेनं निघाला. गार हवा जड असते, ती ओघळीत उतरते. वर पाती सांगत होती दक्षिणेचा वारा. पावडर सांगत होती की आमच्या अंगाचा वास पश्चिमेला ओढ्यात चाललाय. सूर्य वर आला की हे सगळं अर्ध्या तासात उलटतं. माझ्या लॅपटॉपमध्ये त्या माळाची कित्येक वर्षांची आकडेवारी आहे. तिचा तिथं शून्य उपयोग.

कायोटी आवाजाकडे सरळ चालत येत नाही. आधी वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या बाजूला जातो, वास घेतो आणि मग ठरवतो. त्या पहिल्या पहाटे आम्हाला काहीही दिसलं नाही. परत निघताना म्हाताऱ्यानं मागच्या गाडीवाटेच्या धुळीत बोट दाखवलं. ताजे ठसे, लांबट, पुढच्या दोन नखांच्या खुणा स्पष्ट. आमच्या पाठीमागे वीस-पंचवीस पावलांवर येऊन, उभा राहून, वळून गेलेला. म्हातारा खूश झाला होता! "आता कळलं कुठं बसायचं ते," म्हणाला. पुढच्या खेपेला आम्ही अशा जागी बसलो, की वास जिकडे जाणार तिकडे उघडा, गवत कापलेला पट्टा होता. वास घ्यायचा तर त्याला तो पट्टा ओलांडावा लागणार. या शिकारीतली अर्धी अक्कल एवढीच आहे. बंदूक, दुर्बीण, डब्यातले आवाज हे सगळं दुकानात मिळतं. वीकेंडला शहरातून येणारी मंडळी त्यावर हजारो डॉलर घालवतात आणि वाऱ्याकडे पाठ करून बसतात.

पहिली गोळी मी झाडली ती दुसऱ्या वर्षीच्या फेब्रुवारीत, त्याच पट्ट्यावर. आधी गवतावर फक्त दोन कान दिसले. मग सगळा प्राणी बाहेर आला, नाक खाली, झपझप, नजर डब्याच्या झुडपावर. तो थांबावा म्हणून तोंडानं कुत्र्यासारखं एकदा भुंकायचं असतं. मी "वुफ" केलं, ते इतकं केविलवाणं निघालं की शेजारी म्हातारा खांदे हलवून हसला. पण कायोटी थांबला. डोकं वर करून आमच्याकडे बघितलं. नव्वदेक मीटर. .२२३ ची साधी बोल्ट रायफल, ५५ ग्रेनची गोळी. जागच्या जागी पडला.

कसं वाटलं, हे पण विचारता तुम्ही. आनंद झाला. तो लपवण्यात अर्थ नाही. जमलं, असं वाटलं. जवळ गेल्यावर कळलं की मादी आहे. जानेवारी-फेब्रुवारी हा यांचा जुगण्याचा काळ, साधारण ६३ दिवसांनी पिल्लं होतात, एका वेताला सहाएक. तिच्या पोटात होती की नाही ते आम्ही पाहिलं नाही. म्हाताऱ्यानं हातमोजे घातले (खरूज असते, आणि पूर्वी दक्षिण टेक्ससमध्ये यांच्यात रेबीजची मोठी साथ आली होती), मागचे पाय धरून तिला गाडीत टाकलं. इथं काही जण मारलेले कायोटी रस्त्याकडच्या कुंपणावर उलटे टांगतात. यानं तसं कधी केलेलं मी पाहिलं नाही. आईला एवढ्या तपशिलात मी काही सांगितलेलं नाही.

त्या रेबीजवरून आठवलं. १९९५ पासून टेक्सस सरकारनं विमानांतून लस भरलेली आमिषं टाकली आणि कायोटी-कुत्र्यांमधला तो प्रकार संपवला. त्याच राज्यात विमानांतून कायोटींवर गोळ्याही झाडतात, तेही सरकारी खात्याकडून. एकट्या केंद्रीय कृषी खात्याच्या वन्यजीव विभागाकडून देशभरात वर्षाला साठ हजारांच्या घरात मारले जातात. आणि कायोटी कमी झालेत का? अजिबात नाही. जागा रिकामी झाली की शेजारचा तरुण जोडीदार शोधत येतो आणि बसतो.

म्हणून "आम्ही संख्या आटोक्यात ठेवतो" असं छाती काढून सांगणारे शिकारी भेटले, तर माझा त्यांच्यावर विश्वास नाही. सॅन अँजेलोकडे हिवाळ्यात मोठ्या रकमांच्या स्पर्धा होतात, जास्त जनावरं आणणाऱ्याला बक्षीस. कॅलिफोर्नियानं २०१४ मध्ये अशा स्पर्धा बंद केल्या, बरं केलं. मला दोनदा आग्रह झाला, गेलो नाही. कॅलिफोर्नियातच हॉपलंडच्या मेंढ्यांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की मेंढ्या मारणारे बहुतेक कायोटी म्हणजे त्या कुरणाची हद्द धरून असलेली, पिल्लांचं पोट भरणारी जोडपी. उनाड, एकटे फिरणारे जवळजवळ नाहीतच. म्हणजे नोव्हेंबरात कुठल्याही माळावर दिसेल त्याला गोळी घालून एक कोकरू वाचत नाही. वाचलं तर, कोकरं व्हायच्या सुमाराला त्याच कुरणातली जोडी काढली, तर वाचतं. त्या फेब्रुवारीतली मादी बहुधा तशीच असणार. मेंढ्यांच्या बाजूनं हिशेब बरोबर आहे. दुसऱ्या बाजूनं तो कसा दिसतो, हे मलाही दिसतं.

तर खायचं नाही, तर कशाला? माझं उत्तर एका माणसापुरतं, एका कुरणापुरतं आणि वर्षातल्या काही आठवड्यांपुरतं आहे. म्हाताऱ्याचा फोन आला तर जातो, नाही आला तर जात नाही. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याखाली कोल्ह्याला हात लावणं गुन्हा आहे, तो तसाच असावा असं माझं मत आहे, आणि त्यात मला विसंगती वाटत नाही. हा प्रश्न सगळ्यांत तावातावानं विचारला होता शिकागोच्या एका मित्रानं. त्याच्या महागड्या कॅनेडियन जॅकेटच्या टोपीला जी केसाळ किनार होती ती कायोटीचीच. तो ब्रँड २०२२ अखेरपर्यंत फर बंद करणार होता, पण जॅकेट त्याआधीचं. मी काही बोललो नाही. थंडी होती.

यंदा म्हाताऱ्यानं कळपात राखणीची दोन पांढरीशुभ्र पिरेनीज जातीची कुत्री सोडलीत आणि एक गाढवीण. गाढवं कुत्र्याच्या जातीला जन्मजात वैरी मानतात, लाथा घालून हुसकतात. टेक्ससमध्ये ही जुनी युक्ती आहे. कुत्र्यांना महिन्याला खायला किती लागतं याची कुरकुर तो माझ्यापाशी करतो, पण या फेब्रुवारीत मला त्याचा एकच फोन आला, आणि तोही रस्त्यावरच्या खडीबद्दल.