शून्य पॉइंट पस्तीस

आमची शाळा विनाअनुदानित. गेल्या वर्षी संस्थेचं फर्मान निघालं: प्रत्येक शिक्षकाने एक कृतिसंशोधन करायचं, म्हणजे आपल्याच वर्गातली एक अडचण हेरून उपाय करायचा आणि फरक पडला का ते तपासायचं. बी.एड.ला आम्ही सगळ्यांनीच केलं होतं, म्हणजे आधीच्या बॅचची फाईल समोर ठेवून. त्याच सवयीने मी भारदस्त विषय दिला, 'विद्यार्थ्यांमध्ये गणिताची गोडी निर्माण करणे'. पर्यवेक्षिकाबाईंनी कागद परत केला. "गोडी मोजणार कशी? उद्याच्या तासाला डोळ्यांना दिसेल असं काहीतरी आणा."

मग सहावीला एकच प्रश्न घातला: ०.४ मोठी संख्या की ०.३५? निम्म्याहून जास्त वह्यांत ०.३५. मधल्या सुट्टीत एकेकाला बोलावून कारण विचारलं. "चारापेक्षा पस्तीस मोठे ना, बाई!" सगळे वाचत होते 'शून्य पॉइंट पस्तीस'. असं वाचायला शिकवलं कुणी? मीच. घाईत मीही तसंच वाचते. 'शून्य दशांश चिन्ह तीन पाच' म्हणायला जीभ कंटाळते.

माझा हुकमी उपाय रुपये-पैशांचा. तोही आपटला. २५ पैशांचं नाणं २०११ सालीच चलनातून गेलं, या मुलांचा जन्म त्यानंतरचा. एकाने ०.४ रुपये म्हणजे चार पैसे असं निवांत लिहून दिलं.

शेवटी चौकटीचा कागद घेतला. दहा बाय दहाच्या एका चौरसात चार पट्ट्या रंगवायच्या, शेजारच्यात तीन पट्ट्या आणि पाच सुटी घरं. वाचायचं 'तीन दशांश, पाच शतांश'. विज्ञानाच्या बाई वही घेऊन मागच्या बाकावर बसल्या. अट एकच, माझ्याकडे नाही, मुलांकडे बघायचं. (जपानमधल्या शाळांत ही पद्धत चांगली मुरलेली आहे.) त्यांनी टिपलं: खिडकीजवळचा गट शेडिंगमध्येच रमलाय, संख्या कुणीच लिहिलेली नाही. फळ्यापाशी उभं राहून मला तर तो गट सगळ्यात शहाणा वाटत होता.

दोन आठवड्यांनी तोच प्रश्न पुन्हा. चुकणारे चारच उरले. मी खुशीत स्तंभालेख काढला आणि उगाच एक प्रश्न वाढवला: ०.३ मोठी की ०.३५? पहिल्या चाचणीत बरोबर आलेली एक मुलगी ठामपणे म्हणाली, "०.३. शतांश दशांशापेक्षा बारीक असतात, तुम्हीच सांगितलंत ना बाई."

फाईल जमा करायला दोन दिवस होते. स्तंभालेखाखाली तिचं वाक्य पेन्सिलीने लिहिलं आणि फाईल तशीच दिली.