फोटो काढणारा कुठे उभा होता?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा असे शाळेचे पत्र आले. सोबत संपादक मंडळाने विषयही सुचवले होते : शाळेची जडणघडण, क्रीडांगणावरची कामगिरी, वक्तृत्व स्पर्धांची परंपरा. त्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. माझ्यापुरती शाळा म्हणजे आपले इतिहासाचे सर. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांना त्यांचे नाव सांगायला नको, आणि त्यांच्या काखेतली ती तपकिरी पुठ्ठ्याची फाइलही.

नववी ब मध्ये सर दुसरे महायुद्ध शिकवायला आले, ते पुस्तक न उघडता. फाइलमधून एक कात्रण काढून त्यांनी पहिल्या बाकावर दिले आणि मागे मागे फिरवायला सांगितले. पाण्यात जवळजवळ पालथा झालेला, पुढे सरकू पाहणारा एक सैनिक. मागे धूसर अडथळे. सगळेच हललेले.

‘‘सर, फोटो बिघडलाय,’’ मागून कोणीतरी म्हणाले.

‘‘बिघडू दे. त्याचं तोंड कुणीकडे आहे?’’

‘‘आपल्याकडे.’’

‘‘आपण म्हणजे कोण?’’

वर्ग गप्प. मग सरांनी फळ्यावर एक रेघ मारली. रेघेच्या अलीकडे किनारा, पलीकडे समुद्र. सैनिक समुद्रातून किनाऱ्याकडे येतोय. गोळ्या किनाऱ्यावरून सुटताहेत. सैनिकाचा चेहरा दिसतोय, म्हणजे फोटो काढणारा त्याच्याही पुढे गेलेला आहे. ‘‘मग गोळ्यांकडे पाठ कोणाची?’’ एवढे विचारून सर खुर्चीत बसले. त्या तासाला त्यांनी आणखी काही शिकवल्याचे मला आठवत नाही, पण तो तास मी आजही जसाच्या तसा सांगू शकतो.

तो फोटो ६ जून १९४४ चा, दोस्त फौजा फ्रान्समध्ये नॉर्मंडीला उतरल्या त्या दिवशीचा, तिथल्या ओमाहा किनाऱ्यावरचा. काढणारा रॉबर्ट कापा.

पुढचे कित्येक दिवस आम्ही सरांच्या मागे लागून कापा ऐकला. मूळ नाव एन्द्रे फ्रीडमन, जन्म १९१३ चा, बुडापेस्टचा. वयाच्या अठराव्या वर्षी देश सोडावा लागला. बर्लिन गाठले, तर हिटलर सत्तेवर आला. ज्यू असल्यामुळे तेथूनही निघून पॅरिस. तेथे त्याने आणि त्याची सहचरी गेर्डा टारो हिने मिळून ‘रॉबर्ट कापा’ हे नाव तयार केले : एक बडा अमेरिकन छायाचित्रकार, जो मुळात नव्हताच. गेर्डा स्वतःही युद्धाचे फोटो काढायची. १९३७ च्या जुलैत स्पेनमध्ये ब्रुनेतेच्या लढाईत रणगाड्याखाली सापडून ती गेली. तिच्याबद्दल सांगताना सर मुलींच्या बाजूच्या बाकांकडे वळून बोलत. नंतर कापा चीनला गेला, आणि १९३८ च्या डिसेंबरात ‘पिक्चर पोस्ट’ या ब्रिटिश साप्ताहिकाने त्याला जगातला सर्वांत मोठा युद्धछायाचित्रकार म्हटले. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता.

पदकांचा विषय सर अगदी शेवटी काढत. त्यांची रीत अशी, की पदक कोणाला मिळाले याआधी ते कोणी दिले हे विचारायचे. अमेरिका युद्धात उतरली तेव्हा कापा न्यूयॉर्कला होता, पण हंगेरीचा नागरिक असल्याने कागदोपत्री शत्रुराष्ट्राचा माणूस ठरला. १९४७ साली त्याच अमेरिकेच्या जनरल आयझेनहॉवरनी त्याला ‘मेडल ऑफ फ्रीडम’ दिले. फ्रान्सचे ‘क्र्वा द गेर’ हे युद्धपदक मिळाले ते मरणोत्तर. २५ मे १९५४ रोजी व्हिएतनाममध्ये थाय बिन्हजवळ फ्रेंच तुकडीबरोबर जाताना तो फोटोसाठी पुढे सरकला आणि सुरुंगावर पाय पडला. चाळीस वर्षांचे आयुष्य, पाच युद्धे. सर हे सांगून थांबत. ‘शौर्य’ हा शब्द त्यांनी एकदाही वापरला नाही. आम्ही तो आपापल्या मनात म्हणायचो.

ओमाहाच्या फोटोंपैकी मोजकेच वाचले. लंडनच्या प्रयोगशाळेत घाईने सुकवताना फिल्मचा थर वितळला, ही हकीकत तेव्हा जगभर सांगितली जायची, सरांनीही सांगितली. पुढे अभ्यासकांनी तिच्यावर शंका घेतली. हे फोटो छापणाऱ्या ‘लाइफ’ या अमेरिकन साप्ताहिकाचे तेव्हाचे लंडनमधले चित्रसंपादक जॉन मॉरिस यांनीही उतारवयात कबूल केले, की बाकीच्या फिल्मवर कदाचित काही नव्हतेच. हे वाचले तेव्हा मला पहिल्यांदा सरांना सांगावेसे वाटले. सर असते तर त्यांनी ते कात्रणही फाइलमध्ये लावले असते, याची मला खात्री आहे.

‘लाइफ’च्या त्याच लंडन कार्यालयात चहा आणणारा, डार्करूममध्ये हाताखाली राबणारा लॅरी बरोज नावाचा एक मुलगा होता. फिल्म बिघडल्याचा आळ पुष्कळांनी त्याच्यावर घातला, तो खोटा होता. कापाच्या नावाने १९५५ पासून सुवर्णपदक दिले जाऊ लागले. व्हिएतनाममधल्या कामासाठी ते या बरोजने तीन वेळा मिळवले. तिसरे घ्यायला तो नव्हता. १९७१ च्या फेब्रुवारीत लाओसवर हेलिकॉप्टर पाडले गेले आणि त्याच्याबरोबर आणखी तीन छायाचित्रकार गेले. सर्वांत जास्त पदके मिळवणारी माणसे अशी का जातात, हे आम्ही सरांना विचारले होते. ‘‘जवळ जावं लागतं रे,’’ एवढेच ते म्हणाले.

मी वृत्तपत्राचा छायाचित्रकार झालो तो या फाइलमुळे. युद्ध माझ्या वाट्याला आले नाही. पूर, दंगली, दुष्काळ आले. राज्य पातळीवरचे पुरस्कार मिळाले, एका प्रदर्शनाचे कौतुक झाले. प्रत्येक वेळी सत्कारात माझ्या संपादकांचे नाव घेतले गेले आणि मी सरांचे घेतले. आमच्या कामात ‘फ्रेम चांगली लागली’ म्हणतात. मी नव्या मुलांचे फोटो बघताना फ्रेमबद्दल नंतर बोलतो. आधी सरांचा प्रश्न विचारतो : तू कुठे उभा होतास?

परवा शाळेत जाऊन आलो. जिन्याखालची अंधारी खोली, जिथे सर आम्हांला फोटो धुवायला शिकवायचे, तिथे आता संगणकांचे जुने खोके रचलेत. मुलांच्या हातात फोन आहेत आणि फोटोंना तोटा नाही. पण इतिहासाच्या तासाला फळ्यावर रेघ मारून अर्धा तास एकाच चित्रापाशी थांबणारे कोणी आहे का, असे मी शिक्षकांच्या खोलीत विचारले. अभ्यासक्रम पुरा व्हायचा असतो, असे उत्तर मिळाले. मला फार वाईट वाटले. सरांची फाइल कोणाकडे आहे, हेही कोणाला सांगता आले नाही. ज्या माजी विद्यार्थ्याकडे ती असेल, त्याने कार्यालयात आणून द्यावी ही हात जोडून विनंती.

मुख्याध्यापकांच्या संमतीने यंदापासून नववीसाठी सरांच्या नावाने एक पारितोषिक ठेवले आहे. स्वतः काढलेला एक फोटो द्यायचा. मागे कोण, कुठे, केव्हा हे लिहायचे आणि त्याखाली आपण कुठे उभे होतो, तेथेच का, हेही आपल्या अक्षरात लिहायचे. परीक्षकांनी मागची बाजू आधी वाचावी, अशी अट मी पत्रात घातली आहे.