रिपोर्टमधलं लाल अक्षर आणि बीपीचं मशीन

परवा रात्री धाकटीचा मेसेज, "ताई, ट्रायग्लिसराइड २६० आलंय, लाल अक्षरात आहे, काय करू?" बत्तिसावा आठवडा चालू आहे तिचा. मी म्हटलं बीपी किती, तर म्हणे ते ठीकच असेल गं, बघितलं नाहीये. घ्या!

अगं बाई, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली एक चरबी, आणि रिपोर्टवर तिची ती १५० च्या आतली रेंज छापलेली असते ना ती गरोदर नसलेल्यांची. पोटात बाळ असताना इस्ट्रोजेन वाढतं, लिव्हर रक्तात जास्त चरबी सोडतं, शेवटच्या महिन्यांत शरीर इन्सुलिनला धड दाद देत नाही त्यामुळे साठवलेली चरबीही सुटायला लागते, मग ट्रायग्लिसराइड दुप्पट-तिप्पट होणारच. कोलेस्टेरॉलही वाढतं, आणि तेही उगाच नाही, वारेला प्रोजेस्टेरॉन बनवायला तेच लागतं.

पण म्हणून रिपोर्ट फेकून द्या असंही नाही हां. प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी धोकादायक वाढतं तो आजार, झालेल्या बायकांमध्ये ट्रायग्लिसराइड बाकी गरोदर बायकांपेक्षा जास्त सापडतं. आणि मी वाचून चक्रावले ते हे, की वारेकडे रक्त नेणाऱ्या बारीक धमन्यांच्या भिंतीत कधीकधी चरबीने फुगलेल्या पेशी दिसतात, म्हणजे हार्टच्या धमन्यांत जे व्हायला वर्षानुवर्षं लागतात तसलंच काहीतरी इथे काही महिन्यांत! आता चरबीमुळे बीपी वाढतं की वजन, शुगर असलं काही दोन्हीच्या मागे असतं, यावर डॉक्टर लोकांचंच अजून एकमत नाही.

तर तिला म्हटलं, कोलेस्टेरॉलची गोळी मनाने अजिबात घ्यायची नाही, आधी बीपी मोज. पाच मिनिटं शांत बसून, दंडाला पट्टा बांधून. चार तासांच्या अंतराने दोनदा १४०/९० किंवा वर आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, १६०/११० दिसलं तर फोनबिन नाही, सरळ हॉस्पिटल. डोकं ठणकतंय, डोळ्यापुढे चमकतंय, उजव्या बरगडीखाली दुखतंय, चेहरा एकदम सुजला, तर आकडा कितीही असू दे, जायचंच. लघवीतलं प्रोटीनही तपासून घे. आणि हा प्रीएक्लॅम्प्सिया बाळंतपणानंतरही सहा आठवड्यांपर्यंत उपटू शकतं, ते तर कुणी सांगतच नाही.

आज सकाळी फोटो आला, ११८/७६. खाली लिहिलंय, "मग लिपिड परत कधी करू?" बाळ दोन-तीन महिन्यांचं झालं की कर म्हटलं, आत्ता झोप.