१० डॉलरात १६० एकर

सोंग घेतलेल्या माणसांशी काय बोलायचं हे मला कधीच कळत नाही. कॅनडातल्या एडमंटन शहराच्या पूर्वेला, हायवे १६ वरच्या युक्रेनियन कल्चरल हेरिटेज व्हिलेजमध्ये अशीच माणसं भेटतात. इथल्या अल्बर्टा प्रांतात १८९० नंतर येऊन राहिलेल्या युक्रेनियन शेतकऱ्यांची घरं, दुकानं, चर्चं मूळ जागेवरून उचलून इथं आणून बसवलीत. त्यांत वावरणारी माणसं त्याच काळातली होऊन बोलतात आणि भूमिका काही सोडत नाहीत. पोलीस ठाण्यातल्या शिपायाला मी वायफाय विचारलं, तर तो माझ्याकडे चक्रम असल्यासारखा बघत राहिला.

आईला मात्र यात काही वावगं वाटलं नाही. बुर्देईत, म्हणजे जमिनीत खड्डा खणून वर लाकडं आणि गवताची ढेकळं रचून केलेल्या पहिल्या निवाऱ्यात, ती वाकून शिरली आणि थेट भिंतीला हात लावला. "माती जास्त झालीय, भुसा कमी," म्हणाली. आतल्या बाईला मी इंग्रजीत सांगितलं. डोक्याला रुमाल बांधलेली ती बाई हसून म्हणाली, पाऊस आला की नाहीतरी सगळं गळतंच, पुढच्या वर्षी लाकडाचं घर बांधू. मग तिनं हिशेब सांगितला: १० डॉलर नोंदणी फी, १६० एकर जमीन. अट एवढीच, की तीन वर्षं तिथं राहायचं, घर बांधायचं आणि रान मोडून लागवडीखाली आणायचं.

१६० एकर! आमच्याकडे हातभर बांधासाठी चुलत्यांची कोर्टात दोन पिढ्या भांडणं चालली. आईनं विचारलं, "आणि त्याआधी सातबारा कुणाच्या नावावर होता?"

सातबारा इंग्रजीत सांगताना माझी तारांबळ उडाली, पण प्रश्न पोचला. बाई क्षणभर थांबली. मग भूमिका न सोडता म्हणाली, "सरकारी साहेबानं नकाशा दाखवला. त्यावर नुसते चौकोन होते."

याहून नेमकं उत्तर मला तरी सुचलं नसतं. हा सगळा मुलूख क्री आणि इतर मूळ रहिवाशांचा. सरकारनं त्यांच्याशी १८७६ साली केलेल्या सहाव्या तहानंतर तो सरकारी खात्यात गेला आणि मग त्याचे चौकोन पाडून वाटले. आईला हे गाडीत सांगितलं, तर तिला फारसं नवल वाटलं नाही. "तलाठ्यानं केलं असणार," एवढंच.

पुढची चुन्यानं रंगवलेली, गवती छपराची घरं छान आहेत. मातीची मोठी भट्टी, तिच्यावर झोपायची पोरं. एलिव्हेटर, म्हणजे धान्य साठवायचं उंच लाकडी कोठार, आणि घुमटाचं चर्च धावतपळत पाहिलं, कारण डासांनी हैराण केलं होतं. बटाट्याचे पिरोही, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्या, खाल्ले. आईच्या मते सारणात हिरवी मिरची हवी होती, आणि माझ्याही.