सुट्टीचा एक दिवस, दक्षिण मुंबईत

परवा सुट्टी होती आणि यावेळी ठरवलंच होतं की घाई अजिबात करायची नाही, फक्त चालायचं. सीएसएमटी स्टेशनला उतरलो आणि रोजच्यासारखं धावत बाहेर न पडता समोरच्या फुटपाथवर उभं राहून ती इमारत नीट बघितली, घुमट, दगडात कोरलेले प्राणी, पानंफुलं, १८८८ पासून उभी आहे आणि आपण तिच्याकडे मान वर करून बघतच नाही याचं खरंच वाईट वाटलं.

मग इराण्याकडे ब्रून मस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक पाव, आणि चहा. ब्रून चहात बुडवला की वरचं कडक कवच जरासंच मऊ होतं आणि लोणी चहावर तरंगायला लागतं, तेवढ्यात खायचा, उशीर केला तर संपलं!

तिथून ओव्हल मैदान. ही माझी सगळ्यात आवडती जागा. एका बाजूला राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट, टोकदार कमानींच्या गॉथिक शैलीतले, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको शैलीतल्या इमारतींच्या गोलसर बाल्कन्या, मध्ये पोरांचं क्रिकेट. २०१८ मध्ये युनेस्कोने हा सगळा परिसर जागतिक वारसा म्हणून घेतला. राजाबाई हे त्या काळचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या आईचं नाव, मुलाने आईसाठी घड्याळाचा मनोरा बांधून घेतला, मला हे फार भारी वाटतं. तासभर तिथेच झाडाखाली बसलो.

गेटवे, काळा घोडा पटकन झालं, गर्दी होती. संध्याकाळी गिरगाव चौपाटीवर भेळ, कैरी जास्त घालून, आणि सूर्य बुडेपर्यंत वाळूत पाय.