मागे शॉक नाही आणि टायर एवढे जाड, ते का

टेकडीच्या पायथ्याशी पाणी प्यायला थांबलं की हा प्रश्न येतोच. ऑफिसात येतो, भाच्याच्या लग्नात जेवतानाही आला. "एवढे पैसे घातलेत, तर मागेपण सस्पेन्शन, म्हणजे धक्के झेलणारा शॉक, असलेली सायकल का नाही घेतली? आणि टायर एवढे जाड कशाला?" गेल्या ऑक्टोबरपासून त्याला एक शेपूट जोडलं गेलंय: "एवढे जाड टायर असून पडलातच ना?" दोन मिनिटांत द्यायचं उत्तर मी इतक्यांदा दिलंय की आता तेच मला अपुरं वाटतं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहिते.

आधी हे, की माझी सायकल फॅट बाईक नाही. सोसायटीतली मुलं चार इंची टायरच्या ज्या जड सायकली फिरवतात, त्या वेगळ्या. माझे टायर 2.8 इंची आहेत, 27.5 इंची मापाच्या रिमवर. याला प्लस म्हणतात. हवा भरली की चाकाची उंची 29 इंची मापाच्या रिमवरच्या सव्वादोन इंची टायरइतकीच जवळपास भरते. फरक रुंदीचा आणि आत मावणाऱ्या हवेचा. हवा जास्त मावते म्हणून प्रेशर कमी ठेवता येतं. मी पुढे 15 पीएसआय भरते, मागे 17. तेवढ्या हवेवर टायर दगडावरून उडत नाही, दगडाच्या अंगाने दबतो.

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर याची किंमत पहिल्याच चढाला कळते. खाली काळा कातळ, वर मुरमाचा पातळ थर आणि सुपारीएवढे सुटे खडे. आधीच्या सायकलीचे दोन इंची टायर त्या खड्यांवर जागच्या जागी फिरायचे, मी उतरून ढकलायचे. आता बसल्या बसल्या, एका लयीत, वेताळाच्या देवळापर्यंत पाय न टेकता जाते. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी हे मला पहिल्यांदा जमलं, आणि ते माझ्यासाठी किती मोठं आहे हे मला कुणाला पटवून द्यायचं नाही.

मागच्या शॉकबद्दल. मैत्रिणीची फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे शॉक असलेली सायकल, मी दोन रविवार चालवली आहे. उतारावर ती माझ्या सायकलीपेक्षा चांगली आहे, सरळ कबूल करते. पण माझ्या बजेटात मागचा शॉक घ्यायचा तर पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा शॉक, आणि ब्रेक साधे घ्यावे लागत होते. मागच्या सांध्यांमधली बेअरिंगं पावसाळ्यात चिखल खातात, किरकिरायला लागतात, मग सगळं उघडा, शॉकची सर्व्हिस करणारा शोधा. मी तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. माझी हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे शॉक असलेली सायकल, मी स्वतः उचलते, स्वतः धुते, स्वतः उघडून पुन्हा जोडते.

ही कारणं मी सगळ्यांना सांगते आणि ती खरी आहेत. जे सांगत नाही ते असं, की मला उताराची भीती वाटते, आणि भीती वाटणाऱ्या माणसाला चाकाखाली काय चाललंय ते कळायला हवं असतं. हार्डटेल ते तळपायातून, सीटमधून सांगते. मैत्रिणीच्या सायकलवर मी वेगात होते आणि मला काहीच कळत नव्हतं. फक्त हे सांगणं इतकं मोठ्याने नको होतं की पाठ धरेल. म्हणून जाड टायर. घेताना मी घरी म्हणाले होते, "जाड टायर चुका माफ करतो."

पडले ती ऑक्टोबरमधली सकाळ. पावसाळा संपलेला, गवत पिवळं पडायला लागलेलं, वाटेच्या कडेला सराटे पसरलेले. आदल्या आठवड्यात ग्रुपमधला एक मुलगा म्हणाला होता, "काकू, हवा अजून कमी करून बघा, गादीवर बसल्यासारखं वाटेल." मी 11 केलं. खरंच तसं वाटलं. संपूर्ण चढ मी मऊ, निःशब्द चढले आणि वर पोहोचल्यावर मनात आलं की आता जमलं. मग देवळाकडून खाणीच्या बाजूला उतरताना एक डावं वळण आहे. शंभरदा घेतलेलं. त्या दिवशी मी ब्रेकला हात लावला नाही. सायकल डावीकडे कलली, टायरचा खालचा भाग जमिनीला धरून राहिला आणि वरची रिम त्याच्यावरून सरकली. फस्स असा एकच आवाज. टायरची कड रिमपासून सुटली होती. त्यानंतर हँडल माझं नव्हतं.

उजवा हात पुढे टेकला. नंतरचं मला फार स्पष्ट आठवतं. गाल मुरमात होता. पुढचं चाक हवेत फिरत होतं आणि प्रत्येक फेरीला त्यातून सीलंटचा, म्हणजे पंक्चर बुजावं म्हणून टायरमध्ये भरतात त्या द्रवाचा, एक थेंब उडत होता. पांढरे थेंब मातीवर, माझ्या बाहीवर, एक ओठावर. अमोनियासारखा उग्र वास. थेंब मातीत पडला की त्यावर धूळ बसायची आणि तो छोट्या गोळीसारखा दिसायचा. मी ते थेंब मोजत होते, कारण हाताकडे बघायचं नव्हतं. शेवटी बघितलं. मनगट जेवणाच्या काट्यासारखं वळलं होतं, मधे उंचवटा आणि पुढे पंजा खाली. सकाळचं फिरायला आलेलं एक वयस्कर जोडपं धावत आलं. आजोबा म्हणाले, "हलू नकोस बाळा." आजींनी आपली ओढणी काढून हात गळ्यात बांधला. त्यांनी सायकलबद्दल एक शब्द काढला नाही, आणि गेल्या वर्षभरात न काढणारी ती दोनच माणसं.

सहा आठवडे प्लास्टर. मुलगी कॉलेजला जायच्या आधी माझी वेणी घालायची. रोज, न बोलता, जरा जास्तच घट्ट. एकदाच तिने विचारलं, "परत जाणार?" मी हो म्हणाले. तिने रबर लावलं आणि दप्तर उचललं.

लोक म्हणतात टायरमुळे पडलात. नाही. प्रेशरमुळे पडले. 62 किलोच्या बाईला त्या वळणावर 11 कमी होतं, आणि ते 11 मी माझ्या हाताने केलं होतं. हे मी भांडून सांगते आणि पुढेही सांगेन.

पण रात्री मनगट ठणकतं तेव्हा दुसरं सुचतं. दोन इंची टायरने मला त्या वळणाच्या कितीतरी आधी सांगितलं असतं. थोडा घसरला असता, पोटात गोळा आला असता, मी ब्रेक दाबला असता. जाड टायर गप्प राहिला. चुका माफ करतो म्हणणारी मी चुकीची होते. तो चुका साठवून ठेवतो. बोलकी सायकल हवी म्हणून हार्डटेल घेतली आणि तिचा आवाज मीच दाबला. हे कसं जुळवायचं ते मला अजून कळलेलं नाही.

तुमच्या बाजूने आणखी एक मुद्दा देते. 2012 साली सर्ली कंपनीच्या क्रॅम्पस या सायकलीने 29 च्या रिमवर तीन इंची टायर आणले, पुढे 2015 च्या सुमारास बऱ्याच कंपन्या 27.5 च्या प्लसमागे लागल्या, आणि मग बहुतेक सगळ्या 29 वर 2.4 ते 2.6 कडे वळल्या. आता माझ्या मापाचा टायर सहज मिळत नाही. एक जोडी कपाटात गुंडाळून ठेवली आहे. कातळाच्या धारेने टायरची बाजू एकदा चिरली तेव्हा ती कपाटातली जोडी मोजून पाहिली होती. माझ्या फ्रेममध्ये 29 ची चाकं 2.4 टायरसकट बसतात, हेही मला माहीत आहे. किंमत विचारून ठेवली आहे. घेतलेली नाहीत.

आता खिशात हवा मोजायचा डिजिटल गेज असतो. निघण्याआधी पार्किंगमध्ये दोन्ही चाकं मोजते, त्या वळणावर वेग कमी करते. गेल्या रविवारी पुढे 18 भरून गेले. खडे हाताला लागत होते, पण वळणावर चाक जरा आधी बोललं. या रविवारी 16 भरून बघणार आहे.