मेजर कँडींचं आडनाव शोधताना

मराठीला विरामचिन्हं कोणी दिली असं विचारलं, तर बहुतेकांच्या तोंडी एकच नाव येतं: मेजर थॉमस कँडी. 'विरामचिन्हांची परिभाषा' हे त्यांचं पुस्तक १८५० चं. त्याआधी मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशावर साहाय्यक म्हणून लेफ्टनंट थॉमस आणि लेफ्टनंट जॉर्ज कँडी या जुळ्या भावांची नावं आहेत. मी राहते स्विंडनला, म्हणजे विल्टशरमध्ये. थॉमस कँडी १८०४ साली जन्मले ते ईस्ट नॉइल हे गावही विल्टशरचंच, पार नैर्ऋत्य कोपऱ्यातलं. लंडनचं सेंट पॉल बांधणारा ख्रिस्तोफर रेनही १६३२ साली त्याच गावात जन्मला, त्यामुळे गावाला भेट देणारे रेनसाठी येतात. कँडींसाठी येणारी मराठी माणसंच असणार.

मंडळाच्या कार्यक्रमात कुणीतरी सहज विचारलं, "कँडी आडनावाची माणसं तुमच्याकडे खूप असतील ना गं?" स्विंडनमध्ये गोव्याची वस्ती मोठी, त्यामुळे फर्नांडिस आणि डिसूझा रोज भेटतात. कँडी एकही भेटला नव्हता. मग हे आडनाव आहे तरी किती जणांचं आणि कुठल्या भागातलं, हे नीट मोजून बघायचं मी ठरवलं. असं काही शोधणाऱ्याला उपयोग होईल म्हणून लिहिते आहे. आडनाव कोणतंही असो, वाट साधारण हीच.

सुरुवात सगळे करतात तिथूनच केली: इंटरनेटवर आडनाव टाकलं. जगभरातले आकडे देणारी संकेतस्थळं भराभर संख्या दाखवतात, पण ती कुठल्या सालची आणि कशावरून काढली हे शोधायला गेलं की हाती काही लागत नाही. शिवाय 'कँडी' हा शोधायला भलता वाईट शब्द. गोळ्या-चॉकलेटं येतात, श्रीलंकेतलं शहर येतं, मुंबईचं ब्रीच कँडी येतं, ज्याचा आमच्या मेजरसाहेबांशी काही संबंध नाही. मुंबईच्या जुन्या कागदपत्रांत शोधावं तर कापसाचे भाव निघतात, कारण आपल्या खंडीला साहेब कँडीच लिहीत असे.

आजच्या संख्येसाठी त्यातल्या त्यात भरवशाची एक यादी आहे. इंग्लंड आणि वेल्सच्या आरोग्यसेवेच्या मध्यवर्ती नोंदवहीवरून सप्टेंबर २००२ मध्ये काढलेली, सुमारे २ लाख ७० हजार आडनावांची. पाचपेक्षा कमी जणांचं आडनाव तीत नाही, म्हणजे अगदी विरळ नावं मुळातच गळली आहेत. उलट, वारलेल्या किंवा परदेशी गेलेल्या काहींची नावं वहीत राहून गेल्यामुळे बाकीचे आकडे थोडे फुगलेले. आडनाव साधारण किती दुर्मिळ आहे हे एवढ्यावरून कळतं. ते कुठलं आहे हे मात्र अजिबात कळत नाही, कारण गेल्या शंभर वर्षांत माणसं इतकी हलली आहेत.

म्हणून मागे जायचं. ब्रिटनमध्ये आडनावांचं काम करणारे सगळे अखेर १८८१ च्या जनगणनेवर येऊन थांबतात. ३ एप्रिल १८८१ च्या रात्री कोण कुठल्या घरात होतं, त्याची ही नोंद. नाव, वय, धंदा आणि कुठल्या गावात जन्म, सगळं तीत आहे. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडची ही जनगणना मॉर्मन चर्च आणि स्थानिक कुलवृत्तांत मंडळांच्या स्वयंसेवकांनी हातानं उतरवून काढली आणि ती फुकट बघता येते. बाकीच्या सालांच्या जनगणना बऱ्याचशा सशुल्क संकेतस्थळांवर आहेत. पण अनेक सार्वजनिक वाचनालयांत त्या पैसे न देता उघडता येतात. वर्गणी भरण्याआधी वाचनालयात विचारा.

कँडींची यादी काढून मी काउंटीप्रमाणे (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग) बेरजा केल्या. पहिल्या नजरेला चित्र विस्कळीत दिसलं. समरसेट आहे, विल्टशर आहे, डॉर्सेट आहे, हॅम्पशर आहे, आणि लंडन तर आहेच. लंडन प्रत्येक आडनावात असतंच, म्हणून नुसत्या डोकी मोजण्याला अर्थ नाही. १८८१ मध्ये लंडनची वस्ती सुमारे ३८ लाख, आख्ख्या विल्टशरची २ लाख ५९ हजारांच्या आसपास. म्हणजे दोन्हीकडे कँडी अगदी सारखेच सापडले, तरी विल्टशरमध्ये ते आडनाव जवळपास पंधरापट दाट आहे असं म्हणायला हवं. दर दहा लाखांमागे किती, हा रकाना घातल्याबरोबर लंडन खाली घसरलं आणि नैर्ऋत्येच्या काउंट्या वर आल्या.

तरीही चार काउंट्या म्हणजे काय? इथे माझी गाडी बरेच दिवस अडली होती. मग काउंटी सोडून नोंदणी जिल्ह्यांप्रमाणे मोजायला लागले. नोंदणी जिल्हा म्हणजे जन्ममृत्यू नोंदवण्यासाठी १८३७ मध्ये आखलेला विभाग, एखाद्या बाजारगावाभोवतीच्या खेड्यांचा. तो कधी कधी काउंटीची हद्द ओलांडूनही जातो. नकाशावर ईस्ट नॉइल पाहिलंत तर लक्षात येईल: जवळचं शाफ्ट्सबरी डॉर्सेटमध्ये, जवळचंच मीअर विल्टशरमध्ये, आणि मीअरच्या पलीकडे लगेच समरसेट. तीन काउंट्यांत विभागलेलं दिसणारं हे आडनाव माझ्या तक्त्यात मुख्यतः या तिठ्याच्याच भोवती गोळा झालेलं निघालं. माणसं काउंटी बघून लग्नं करत नव्हती, बाजाराला जात नव्हती. हॅम्पशरचा ठिपका वेगळा राहतो. तो स्थलांतराचा की आडनावाचा दुसरा उगम, यावर मी अजून मत बनवलेलं नाही.

नकाशा स्वतः काढायची ज्यांना हौस नाही, त्यांच्यासाठी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजनं केलेला आडनावांचा नकाशा आहे. १८५१ ते १९११ च्या जनगणना आणि १९९७ ते २०१६ च्या ग्राहक-नोंदी वापरून तो आडनावाचा दाट पट्टा रंगवून दाखवतो. मला तो आवडतो, पण रंग बघून समाधान मानू नये. दुर्मिळ आडनावात एकच मोठं कुटुंब गाव बदलून गेलं तरी नकाशावर नवा डाग उमटतो.

खरी गंमत जन्मगावाच्या रकान्यात आहे. राहण्याच्या ठिकाणाऐवजी जन्मगावावरून पुन्हा मोजलं की लंडनमध्ये राहणारे बरेच जण परत आपापल्या खेड्यांत जाऊन बसतात. साठ-सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यांचीच जन्मगावं वेगळी काढली, तर चित्र रेल्वे येण्याच्या आधीचं होतं. यासाठी १८५१ ची आणि त्यानंतरचीच जनगणना उपयोगाची. १८४१ मध्ये याच काउंटीत जन्म की नाही एवढंच विचारलं होतं, आणि मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहायची सूचना होती.

मोजताना बायकांचं काय करायचं, हाही प्रश्न येतो. लग्नानंतर आडनाव बदलतं, त्यामुळे कँडी म्हणून मोजलेल्या निम्म्याअधिक प्रौढ बायका जन्मानं कँडी नसणार, आणि जन्मानं कँडी असलेल्या दुसऱ्याच आडनावाखाली गेलेल्या. मी दोन रकाने ठेवले: सगळे, आणि फक्त पुरुष व अविवाहित मुली. आडनावाचा उगम शोधायला दुसरा रकाना बरा.

स्पेलिंगनं मात्र छळलं. जनगणना घेणाऱ्या माणसानं कानावर पडलं तसं लिहिलं, आणि शंभर वर्षांनी कुणीतरी ते अक्षर लावलं. मूळ कौटुंबिक तक्ते नष्ट केले गेले, उरल्या आहेत त्या प्रगणकांनी उतरवलेल्या वह्या. कँडीचं कँडे होतं, शेवटी एक जादा 'ई' लागतो, मधला 'एन' 'यू' म्हणून वाचला जातो. त्यातच गँडी हे स्वतंत्र आडनाव आहे, ते वायव्येकडचं, आणि कंडी हे कॉर्नवॉलचं. एखादा गँडी डॉर्सेटच्या खेड्यात एकटाच सापडला, आईबाप-भावंडं मात्र कँडी, तर तो 'सी' ऐवजी 'जी' वाचल्याचा प्रकार समजावा. पण लँकाशरमधल्या गँडींना ओढून आपल्यात आणू नये. मी प्रत्येक संशयास्पद नोंदीत मूळ पानाचं चित्र उघडून बघितलं. दुर्मिळ आडनावाचा हा एक फायदा, सगळी पानं बघणं माणसाच्या आवाक्यातलं असतं. स्मिथ शोधणाऱ्यानं काय करावं, देव जाणे.

पुढचा टप्पा १८३७ पासूनच्या जन्म, विवाह आणि मृत्यूंच्या सूचीचा. स्वयंसेवकांनी उतरवलेली ही सूची फुकट आहे, पण एका वेळी ३००० च्या वर नोंदी दाखवत नाही, म्हणून दहा-दहा वर्षांचे तुकडे करून घ्यावेत. दर तिमाहीला कुठल्या जिल्ह्यात किती कँडी जन्मले हे यातून दिसतं, आणि दोन जनगणनांमधली पोकळी भरते. १९२१ च्या जनगणनेनंतर तर या सूचीशिवाय गत्यंतरच नाही. इंग्लंड-वेल्सची १९३१ ची जनगणना १९४२ मध्ये आगीत गेली आणि १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. मधे आहे ती फक्त सप्टेंबर १९३९ मध्ये ओळखपत्रं आणि शिधावाटपासाठी केलेली नोंदणी. आयर्लंडची तऱ्हा आणखी वाईट, १९११ पर्यंतच्या तिथल्या जनगणनांपैकी पूर्ण अशा १९०१ आणि १९११ च्याच उरल्या आहेत.

१८३७ च्या मागे चर्चच्या नोंदवह्या. त्या ठेवण्याचा हुकूम १५३८ चा, पण प्रत्येक गावाच्या वह्या तिथपासून टिकल्या आहेत असं नाही. आमच्या काउंटीचं दफ्तर चिपनमला आहे. ओळखपत्र दाखवून कार्ड करून घ्यायचं, पेन बाहेर ठेवायचं, पेन्सिल घेऊन बसायचं. अठराव्या शतकातलं अक्षर सुरुवातीला डोळ्यांना त्रास देतं, पण आडनावाचं पहिलं वळण डोळ्यांत बसलं की पान चाळतानाच ते दिसायला लागतं. मी इथे एकेका कुटुंबाच्या मागे लागले नाही. मीअर-शाफ्ट्सबरीच्या आसपासची मोजकी गावं घेऊन कुठे आडनाव दिसतं आणि कुठे नाही एवढंच टिपत गेले. 'नाही' ही नोंदही तितकीच कामाची असते.

तुलनेसाठी मोल्सवर्थ घेऊन पाहिलं. हे गावावरून पडलेलं आडनाव. मोल्सवर्थ गाव जुन्या हंटिंग्डनशरमधलं, पण प्रसिद्ध मोल्सवर्थ घराणी बघावीत तर एक कॉर्नवॉलला पेनकॅरोमध्ये आणि दुसरं आयर्लंडमधल्या सरदारांचं. पुण्यात राहणाऱ्याला कोणी पुणेकर म्हणत नाही, तो बाहेर पडल्यावरच पुणेकर होतो, तसलाच प्रकार. आडनावाचं गाव सापडलं म्हणजे आडनावाची वस्ती सापडली, असं यात होत नाही. कँडीच्या अर्थाबद्दल मात्र जाणकारांत एकमत नाही, त्यामुळे नकाशा हाच मुख्य पुरावा उरतो.

एक जण म्हणाला, मग डीएनए का नाही? लेस्टर विद्यापीठातल्या तुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ मध्ये ४० ब्रिटिश आडनावांच्या १,६७८ पुरुषांचं वाय गुणसूत्र, म्हणजे आडनावासारखंच बापाकडून मुलाकडे जाणारं, तपासलं होतं. जितकं आडनाव दुर्मिळ, तितके ते धारण करणारे एका पूर्वजाचे असण्याची शक्यता जास्त. अ‍ॅटनबरोंमध्ये बहुतेक सगळे एकाच प्रकारचे निघाले, स्मिथांमध्ये असं काही नाही. पण त्यासाठी जिवंत माणसांची संमती, नमुने, पैसे लागतात, आणि मी काही कुणा कँडीच्या दारात जाऊन गाल पुसायला काडी पुढे करणार नाही.

शेवटचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण ब्रिटिश नकाशे करणारे तो वगळतात. ज्यांच्यामुळे आपल्याला हे आडनाव ठाऊक आहे ते कँडी या नकाशांवर नसतातच. थॉमस कँडी १८२२ च्या सुमारास हिंदुस्थानात आले, आयुष्य पुण्या-मुंबईत गेलं, आणि १८७७ मध्ये महाबळेश्वरला वारले. ब्रिटनच्या १८८१ च्या जनगणनेत परदेशातलं सैन्य नावानिशी नाही, ते पहिल्यांदा आलं १९११ मध्ये. हिंदुस्थानातही १८८१ च्या फेब्रुवारीत जनगणना झाली, पण घरोघरच्या नावांच्या याद्या जपून ठेवल्या गेल्या नाहीत. म्हणजे इंग्लंडमधल्या दुर्मिळ आडनावांपैकी ज्यांचे दोन-चार मुलगे कंपनीच्या फौजेत गेले, त्यांची संख्या तिकडे तेवढ्यानं कमी भरते. दोन-चार माणसांनी स्मिथांना फरक पडत नाही, विरळ आडनावाला पडतो.

त्यांची नोंद सापडते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या तिथल्या सरकारी खात्याच्या, दफ्तरात. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या प्रती दरवर्षी लंडनला जायच्या. त्यांची मालिका 'एन ३', बंगालची 'एन १', मद्रासची 'एन २'. बराचसा भाग आता ऑनलाइनही आहे. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कुटुंबांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या सूचीतही फुकट शोधता येतं. तिथे आडनावाबरोबर 'पूना' किंवा 'बॉम्बे' जोडून शोधा, नाहीतर पुन्हा ब्रीच कँडीवर येऊन पडाल.

या नोंदींसाठी तक्त्यात मी वेगळा विभाग केला आहे, ब्रिटनच्या बेरजेत मिसळला नाही. दर दहा लाखांमागचं प्रमाण तिथे काढता येत नाही. डॉर्सेटच्या बाजूची गावं अजून बाकी आहेत. त्यांच्या वह्या डॉर्चेस्टरला, तिथली वेळ घेऊन ठेवली आहे. हॅम्पशरचं त्यानंतर बघू.